दादाची रेघ

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज वर्कशॉप उघडलं. शटर वर केलं, झाडून घेतलं, उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावली. दुपारपर्यंत तीन माणसं आली. दोघांना दादाचं माहीत होतं, त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्याला माहीत नव्हतं. "मोठे कुठे आहेत?" म्हणाला. मी "नाहीत" म्हणालो. तो म्हणाला, मग उद्या येतो. मी बरं म्हणालो.

मला रोज काही लिहायची सवय नाही. डिप्लोमाला असताना प्रॅक्टिकलची जर्नल लिहिली, तेवढंच. पण दिवसभर दादाशी बोलायची सवय होती. आमचं बोलणं काय, तर हे धर, ते सोड, बत्ती इकडे कर. तेवढंही आज झालं नाही. म्हणून ही वही.

मागच्या शेडमध्ये राणीबाईंची पिकअप तशीच लोखंडी घोड्यांवर उभी आहे. मागची चाकं नाहीत, खालचे स्प्रिंगचे पाटे लोंबकळत आहेत. राणीबाई म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्या बाई. हे नाव दादाने ठेवलेलं. त्यांच्यासमोर मात्र तो नुसतं बाई म्हणायचा. डोंगरात फुलोरा आला की त्या पेट्या घेऊन वर जातात. जुनी गाडी, मागचे पाटे बसलेले, आणि गेल्या वर्षी चढावर मागच्या अॅक्सलचा दांडा तुटला. म्हणून दादाने भंगारातून एका मोठ्या गाडीचा दणकट अॅक्सल शोधून आणला. तो बसवायचं काम अर्ध्यावर आहे. फुलोरा काही आमच्यासाठी थांबणार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नळकामवाल्याच्या गाडीचे ब्रेक केले. चाकं चढवली, नट हाताने बसवले आणि सवयीने प्रत्येक नटावर खडूची उभी रेघ मारली. गाडी खाली उतरवून वजनावर नट पक्के आवळले आणि रेघेवर आडवी रेघ ओढून फुली केली. एक रेघ म्हणजे हात लागला आहे, फुली म्हणजे काम झालं. ही दादाची शिस्त. मी नवीन होतो तेव्हा एकदा न आवळताच फुली मारली होती, तर दादाने मला त्याच गाडीत शेजारी बसवून गावभर फिरवलं. नंतर मी ती चूक केली नाही.

वहिनीने चहा आणून दिला. कप आता दोनच होते, तरी ती पूर्वीसारखी ट्रे घेऊन आली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पिकअपखाली शिरलो.

अॅक्सल बदलायचा म्हणजे जुना काढून नवा अडकवला इतकं सोपं नसतं. ज्या बैठकांवर पाटे टेकतात त्या नव्या अॅक्सलच्या नळीवर पुन्हा वेल्ड कराव्या लागतात. त्याही नेमक्या कोनात, म्हणजे पुढून गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट नीट रेषेत चालतो. कोन चुकला की शाफ्टच्या टोकाचे सांधे, म्हणजे क्रॉस, मार खातात आणि गाडी थरथरते. आमच्या सगळ्या धंद्यात हा एक कोन दादा कुणाला लावू देत नसे. मलाही नाही. तो स्वतः आडवा पडायचा आणि मी बत्ती धरायचो.

नवा अॅक्सल पाट्यांखाली ठोकळ्यांवर टेकवलेला आहे आणि उजव्या बैठकीवर दादाची खूण आहे. बैठकीवरून सुरू होऊन खाली नळीवर गेलेली, वीतभर लांब, सरळ, उभी रेघ. हात थरथरत होता त्याचा गेले काही महिने, पेला धरायला दोन हात लागायचे. पण रेघ सरळ आहे.

मी पाटे अॅक्सलला आवळायचे यू-बोल्ट आणायला शेजारच्या शहरात गेलो होतो, त्या दिवशी त्याने ही मारली. मी परतलो तेव्हा तो झोपला होता. सकाळी उठलाच नाही.

कोन मोजायचं यंत्र पेटीतून काढलं आणि परत ठेवलं. दादाने लावलेला कोन मी मोजायचा, हे जमलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

राणीबाई येऊन गेल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. दादाच्या स्टुलाकडे बघत उभ्या राहिल्या. फुलोरा लवकर येणार असं दिसतं म्हणाल्या. काम जमेल का, असं त्यांनी विचारलं नाही, पण थांबल्या होत्या त्या त्यासाठीच. मी म्हणालो, दादाने खूण करून ठेवली आहे, आता फक्त वेल्ड मारायचं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "मग झालंच म्हणायचं," म्हणाल्या.

मलाही तसंच वाटतं. हे काम दादाचंच आहे, मी फक्त पुरं करणार.

रात्री जेवताना वहिनीने विषय काढला. तिच्या बहिणीचा फोन होता, इकडे ये म्हणून. मी विचारलं, मग? वहिनी म्हणाली, "वर्कशॉप चालणार असेल तर मी कशाला जाऊ?" मग ताटात बघत म्हणाली, "भावजी, त्या दिवशी हे गाडीखाली होते ना, तेव्हा—"

मी म्हणालो, राहू दे वहिनी.

तिला रडू येईल अशी मला भीती वाटली. तिने मला आमटी वाढली. नको असताना मी ती घेतली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही बैठका वेल्ड केल्या. उजवी दादाच्या रेघेवर, डावी तिच्याशी जुळवून. रेघ पुसली जाऊ नये म्हणून कडेने मारलं. काम चांगलं झालं, वेल्डची कड माशाच्या खवल्यासारखी एकसारखी आली आहे. दादा असता तर बोटाने चाचपून पुढे गेला असता. ती त्याची शाबासकी.

शेजारचा लेथवाला डोकावला. विडी ओढत बराच वेळ बघत होता. "गाडी खाली घेऊन, वजन टाकून बघितलंस ना कोन?" म्हणाला. मी सांगितलं, दादाने बघितलं आहे. "मग काय प्रश्नच नाही," असं म्हणून तो गेला. दादाचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही. वीस ठिकाणी दादाने बदललेले अॅक्सल रस्त्यावर धावत असतील, एकही परत आला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अॅक्सल चढवला. प्रत्येक बाजूला एक पाटा वाढवला, लांब शॉकअप घातले, यू-बोल्ट आवळले. शाफ्ट जोडला. एकट्याने अॅक्सल वर घ्यायचा म्हणजे जॅकचे इकडे दोन दांडे दाबायचे, तिकडे दोन, असं आळीपाळीने फिरावं लागलं. दुपारी वहिनी आपणहून आली आणि पदर खोचून एक टोक धरलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या दादाला विचारा मी किती अॅक्सल उचललेत ते." मग दोघांनी जोर लावला आणि अॅक्सल वर गेला.

संध्याकाळी काळा रंग मारला. दादाच्या रेघेभोवती मारला, रेघ तशीच ठेवली. तिच्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात दिला. गाडीखाली कोण वाकून बघणार, पण मला माहीत असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गाडी दिली. मागून आता चार बोटं उंच दिसते, ऐटीत. राणीबाईंनी भोवती फेरी मारली, आत चढताना गुडघ्यावर हात टेकला आणि म्हणाल्या, गाडी तरुण झाली, मीच राहिले.

निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकलं. काही आवाज नाही. दादाचं शेवटचं काम बिनचूक गेलं. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

राणीबाई आल्या. गाडी चांगली आहे, ओझ्याला अजिबात दबत नाही म्हणाल्या. पण माश्या भडकतात. पहिल्या खेपेला त्यांना वाटलं हवेमुळे असेल. दुसऱ्या खेपेलाही तेच. वर पोचून पेटी उघडली तर सगळ्या अंगावर. मनगट सुजलेलं दाखवलं. "इतक्या वर्षांत मला अशा कधी डसल्या नाहीत. गाडीत काहीतरी आहे जे मला कळत नाही आणि त्यांना कळतं."

मी गाडी चालवून बघितली. रिकामी होती. स्टिअरिंगला काही नाही, सीटखाली बारीक गुणगुण आहे असं वाटलं, नाही असंही वाटलं. शाफ्टला ग्रीस दिलं. नवीन भाग आहेत, हळूहळू बसतील, असं सांगितलं.

त्यांनी मान डोलावली. "तुमच्या दादाने केलंय म्हणून मी काही म्हणत नाही," म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र परत पेटीतून काढलं. पण गाडी इथे नाही. मग ते पुसून ठेवलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी राणीबाईंचा फोन. डोंगरावर मधल्या चढाला शाफ्टचा मागचा क्रॉस तुटला. शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटला, गाडीचा जोर गेला आणि भरलेली गाडी उलटी मागे घरंगळू लागली. ब्रेकने धरली, म्हणून कडेच्या दगडाला टेकून थांबली. पलीकडे दरी आहे.

लेथवाल्याची गाडी घेऊन गेलो. राणीबाई रस्त्याच्या कडेला जाळीची टोपी घालून बसल्या होत्या. दोन पेट्या खाली पडून फुटल्या होत्या आणि माश्यांचा पुंजका झाडाच्या फांदीला लोंबत होता. लागलं का विचारलं. नाही म्हणाल्या. मग पुंजक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यात राणी आहे, म्हणून थांबल्यात. ती असली की काही होत नाही." आणि जरा वेळाने म्हणाल्या, "ती उडून गेली तर मात्र कुठे जायचं ते एकीलाही कळत नाही."

त्या माश्यांबद्दल बोलत होत्या.

गाडी ओढून आणली. वर्कशॉपात दोर सोडताना लेथवाला एवढंच म्हणाला, "तुझ्या भावाचं नाव आहे या गाडीवर."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गाडीखाली गेलो. तुटलेला क्रॉस हातात घेतला. आतल्या बेअरिंगच्या सुया चुरा झाल्या होत्या, एका बाजूने घासून निळ्या पडलेल्या. कोन चुकला की असंच होतं. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, कॉलेजात आणि दादानेही.

मग पाठीवर पडल्या पडल्या वर बघितलं. दादाची रेघ वॉर्निशखाली पांढरीशुभ्र होती. वीतभर, सरळ, उभी. एकच.

तिच्यावर आडवी रेघ नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती. मी तिच्याभोवती रंग मारला, वॉर्निश दिलं, आणि मला दिसली नाही. नळकामवाल्याच्या चाकाच्या नटांवर मी त्याच आठवड्यात फुल्या मारल्या होत्या.

वहिनी चहा घेऊन आली आणि वाकून बघितलं. मी खालूनच विचारलं, वहिनी, त्या दिवशी काय झालं होतं?

ती जमिनीवर बसली. कप बाजूला ठेवला. म्हणाली, "मी तेच सांगत होते. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

मग सांगितलं. दादाला गाडी घोड्यांवरून खाली घ्यायची होती, वजन टाकून कोन बघायचा होता. जॅकचा दांडा त्याला दाबता येईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा हात सुटला आणि दांडा गुडघ्याला लागला. वहिनी म्हणाली, लेथवाल्याला हाक मारते. तो नको म्हणाला.

"म्हणाले, राहू दे. अंदाजाने खूण करून ठेवतो, पोरगा आला की खाली घेऊन बघेल. यंत्राचा काटा मला दिसत नाही आता, त्याला दिसतो. आणि आत येऊन आडवे झाले."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. पोरगा म्हणाला.

वहिनी म्हणाली, "मला वाटलं तुम्ही बघितलं असणार. तुम्ही राणीबाईंना म्हणालात, दादाने करून ठेवलंय. मग मी म्हटलं, यांना माहीत असेल."

चहा गार झाला होता. तो मी घेतला. ती कप घेऊन जाईपर्यंत गाडीखालीच होतो, बाहेर आलो नाही.

२ मार्च, सोमवार

राणीबाईंना बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. चूक दादाची नाही, त्याने काम पुरं केलं नव्हतं, पुरं झालं असं मी समजलो. त्या ऐकत होत्या. मी गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर न्या म्हणालो, फुटलेल्या पेट्या मी भरून देईन.

त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला बघायला सांगितलं होतं ना? मग बघा की."

नवीन क्रॉस लेथवाल्याने दाबून दिला. यू-बोल्ट सोडले, ग्राइंडरने वेल्ड कापलं. सर्वांत आधी उजवी बैठक. ठिणग्यांत रेघ दिसत नव्हती, ते बरं झालं. बैठका सुट्या करून पाट्यांखाली नुसत्या टेकवल्या, यू-बोल्ट हलके धरले आणि गाडी चाकांवर उतरवली. पण रिकाम्या गाडीचा कोन काय कामाचा, ही गाडी भरलेलीच चढते. राणीबाईंनी घरी जाऊन रिकाम्या पेट्या आणल्या. त्यांत वाळू भरली. वहिनी आणि राणीबाई दोघी घमेली भरभरून देत होत्या. पेट्या हौद्यात रचल्या. मग चालवणाऱ्याचंही वजन पाहिजे म्हणून राणीबाई सीटवर जाऊन बसल्या.

"किती किलो धरताय?" आतून म्हणाल्या.

मी म्हणालो, बसलात तेवढे.

"लिहून ठेवू नका म्हणजे झालं."

वहिनी हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

खाली आडवा झालो. वजनाने पाटे दबले होते आणि अॅक्सलचं तोंड वर आलं होतं. यंत्र लावलं. काटा स्पष्ट दिसत होता. वहिनीने बत्ती धरली, मी न सांगता जिथे हवी तिथेच. कोन जुळेपर्यंत अॅक्सल थोडा थोडा फिरवला. जुळला तेव्हा बघितलं, तर दादाची रेघ मधोमध तुटली होती. बैठकीवरचा अर्धा भाग एकीकडे, नळीवरचा दुसरीकडे. मध्ये अंतर फार नव्हतं. दोन आगकाड्या शेजारी ठेवाव्यात एवढं.

नुसत्या अंदाजाने, न दिसणाऱ्या काट्याने, त्याने एवढ्या जवळ खूण केली होती. तेवढंही अंतर क्रॉस तोडायला पुरतं.

मी शेजारी नवीन रेघ मारली. एकच. मग वेल्डचे चार टाके दिले आणि आज थांबलो.

४ मार्च, बुधवार

पूर्ण वेल्ड केलं. गार होऊ दिलं. चढवून, उतरवून, वाळूसकट पुन्हा मोजलं. मग गाडी तशीच भरलेली घेऊन डोंगराच्या त्याच चढावर गेलो. शेजारी वहिनी होती, येते म्हणाली. एका पेटीवर तिने पाण्याने भरलेला पेला ठेवला होता, वर ताटली झाकून. मला आधी सांगितलं नाही. वर पोचल्यावर उतरून बघितलं. "ताटली हललेली नाही," म्हणाली.

दगडाजवळ थांबलो नाही.

उतरताना तिने सांगितलं की बहिणीला काल फोन केला. इकडेच राहते म्हणून कळवलं. मी बरं म्हणालो. अजून काही बोलायला हवं होतं. थोड्या वेळाने मी विचारलं, त्या दिवशी दादा आत येऊन आडवा झाला, मग काय म्हणाला? वहिनी खिडकीबाहेर बघत सांगत राहिली. घरी पोचेपर्यंत सांगत होती. ते इथे लिहीत नाही.

५ मार्च, गुरुवार

राणीबाई उद्या गाडी न्यायला येणार. चाकांचे नट वजनावर आवळले. यू-बोल्ट पुन्हा तपासले.

वहिनी बाजारात गेली होती. मी खाली शिरलो आणि नव्या रेघेवर आडवी रेघ ओढली. मग उरलेला काळा रंग ढवळला आणि सगळ्यावर मारला. वेल्डवर, बैठकांवर, माझ्या फुलीवर आणि दादाच्या दोन तुकड्यांवर. काही ठेवलं नाही. उघडं लोखंड गंजतं.

दुसरा हात द्यायला रंग वाळेपर्यंत थांबावं लागलं. दादाच्या स्टुलावर बसलो. दुसरा हात दिला, डब्याचं झाकण हातोडीने ठोकून बसवलं, आणि ब्रश रॉकेलमध्ये धुऊन खिळ्याला उलटा टांगला.